चौथी पाटी

काशीराम सावंत जिना चढून वर येताना दिसले की या घरातली माणसं आता हातातलं काम थांबवत. इमारतीत फोन होता तो तळमजल्यावर, त्यांच्याकडेच. या महिन्याच्या सुरुवातीला ते असेच वर आले होते, दाराची चौकट धरून उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "नंदकुमार, मन घट्ट कर. शुभा गेली." दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. या वेळी धावत, अनवाणी. "शुभा नाही! शुभा आहे. ती दहिसरची माणिक." मधल्या रात्री या घरात जे झालं, त्याबद्दल अजून कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

म्हणून रविवारी सकाळी गॅलरीत त्यांच्या चपला वाजल्या, तेव्हा सुगंधा विळीवरून उठली ती नारळाची कवड हातात घेऊनच दाराशी गेली.

"काय झालं?"

"काही नाही हो वहिनी. मी आता गळ्यात घंटा बांधून येणार आहे वर. माझं तोंड बघून तुम्ही सगळी पांढरी पडता." काशीराम हसले, पण लगेच आवाज खाली आणला. "दहिसरहून निरोप होता. माणिकची आई येतेय आज दुपारी. शुभाला भेटायचंय म्हणाली."

"कशाला?"

"ते काही बोलली नाही. एकच गोष्ट विचारायचीय, म्हणाली."

सुगंधाने मागे वळून पाहिलं. शुभा कपाट आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात बसून मटार सोलत होती. परत आल्यापासून ती तिथेच बसायची, तिथेच जेवायची, रात्री तिथेच बसल्या बसल्या झोपायची. दोन खोल्यांच्या त्या घरात तेवढीच एक जागा अशी होती, की जिच्या मागून कुणी येऊ शकत नव्हतं. कुकरच्या शिटीला ती एकदा किंचाळली, तेव्हापासून सुगंधा भात पातेल्यात शिजवत होती. घरी आल्यापासून पोरगी गॅलरीतसुद्धा गेली नव्हती.

तिने ऐकलं होतं. तिच्या बोटांत मटारची शेंग अर्धवट उघडून तशीच राहिली होती.

सुगंधाने कवड खाली ठेवली. तिच्या भीतीला कारण होतं, आणि ते कारण तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्या सकाळी काशीराम "ती दहिसरची माणिक" म्हणाले तेव्हा सुगंधा हसली होती. रडता रडता नव्हे. खळखळून, तोंड उघडून, एखाद्या लग्नघरात हसावं तशी. माणिक या घरात कितीदा जेवली होती, सुगंधाने तिच्या वेण्या घातल्या होत्या, आणि तरी ती हसली होती. आता त्या मुलीची आई या दारात उभी राहणार होती. अशा बाईच्या तोंडून एखादा शब्द निघाला, की तो परत घेता येत नाही.

"अहो," ती आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याला म्हणाली, "मला भीती वाटते."

नंदकुमार सदऱ्याला बटण लावत होता. सुई तशीच धरून तो म्हणाला, "मलाही वाटते. पण येणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं?"

नंदकुमारचा धाकटा भाऊ शामकांत नेहमीप्रमाणे जेवणाच्या वेळेला मुलुंडहून आला. मटणाची पिशवी त्याने ओट्यावर ठेवली. गेल्या गणपतीतल्या भांडणापासून तो आणि सुगंधा एकमेकांशी सरळ बोलत नसत. शुभाला इतक्या लांब उत्तरेत खेळायला पाठवू नका, असं सुगंधा म्हणाली होती. "पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे, वहिनींना खेळातलं काय कळतं," असं तो म्हणाला होता. आणि पाठवलंच होतं. तेव्हापासून दोघंही नंदकुमारला मध्ये घालून बोलत. "दादा, वहिनींना सांग, मटण कोवळं आहे." "त्यांना सांगा, मला दिसतंय."

आज मात्र नंदकुमारने निरोपाची गोष्ट सांगितली, आणि शामकांतच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो थेट सुगंधाकडे वळला.

"वहिनी, शुभाला आज तिच्यासमोर आणू नका."

इतक्या महिन्यांनी त्याने तिला अशी हाक मारली होती. सुगंधाला त्याचा राग आठवेना. "मीही तेच म्हणते, भावजी," ती म्हणाली.

*

शामकांत बँकेत कारकून होता. घरातल्या अडचणी आपणच सोडवायच्या अशी त्याची समजूत होती, आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरत असे. उत्तरेतल्या त्या गावी जाऊन शुभाला घेऊन आला तोही तोच. परतीच्या गाडीत ती खिडकीला पाठ लावून बसली होती. दोन दिवस तिने पाणी सोडून काही तोंडात घातलं नाही. आणि मग भुसावळ मागे पडल्यावर एकदम म्हणाली, "काका, ती माझ्या जागेवर बसली होती."

त्याला खेळ ठाऊक होता. तात्यांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या हाताखाली तोही लहानपणी खेळला होता. पोरींच्या संघाला पाटीवर बसायला शिकवलं तेही तात्यांनीच. खोखोत आठजणी एका ओळीत, आपापल्या पाटीवर बसतात. एकीचं तोंड इकडे, तर शेजारचीचं तिकडे. नववी धावते. धावणारीने बसलेलीच्या पाठीमागून यायचं, पाठीला हात लावून खो म्हणायचं, की बसलेली उठून पळणार आणि खो देणारी तिच्या जागी बसणार.

माणिकने शुभाला खो दिला. शुभा उठली, माणिक बसली. आणि मग रस्त्यावर आलेल्या जीपमधून मैदानावर गोळ्या सुटल्या.

"हे कुणालाही सांगायचं नाही," शामकांत तेव्हा गाडीत म्हणाला होता. "कुणालाही म्हणजे कुणालाही. आईलासुद्धा." त्याने ते प्रेमाने सांगितलं होतं. त्यानंतर शुभा बोलायचीच थांबली.

पुढे तो माणिकच्या तेराव्याला दहिसरला गेला. घरातून एकटा तोच गेला. चाळीच्या बोळात सतरंजीवर पुरुष बसले होते. कुणीतरी, बहुधा माणिकच्या मामांपैकी एक, त्याच्याकडे न बघता म्हणाला, "तुमची कशी काय वाचली?"

साधाच प्रश्न होता. पण शामकांतला त्या बोळाच्या दोन्ही भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. तो भराभर बोलत गेला. शुभा लांब होती, खांबापाशी. तिची रस्त्याकडे पाठ होती, तिने काही पाहिलंच नाही. माणिक आपल्या जागेवर होती, तिसऱ्या पाटीवर. रस्त्याकडे तोंड होतं ते तिचं. आतल्या खोलीच्या दारात माणिकची आई रत्नप्रभा बसलेली होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, ते त्याला आजही आठवत होतं.

"तू असा कित्याक सांगून इलंस?" तात्या म्हणाले. जेवणं झाली होती. स्वयंपाकघरात चौघं दाटीवाटीने बसली होती आणि शामकांतने पहिल्यांदाच सगळं सांगून टाकलं होतं. तात्यांना गिरणीतून बाहेर पडून बरीच वर्षं झाली होती, बोरिवलीत येऊनही. पण मनातून हलले की त्यांची भाषा गावाकडे वळायची.

"मग काय सांगायला हवं होतं? तुमची पोरगी आमच्या पोरीच्या जागी मेली म्हणून?"

"हळू," सुगंधा म्हणाली आणि बाहेरच्या खोलीकडे बघत राहिली. तिला आत्ताच कळलेली गोष्ट तिच्या छातीत अजून खाली उतरत होती. माझ्या जागेवर. म्हणजे संघाबरोबर गेलेल्या बाईंनी तंबूतून पाहिलं ते बरोबरच होतं. चौथ्या पाटीवरची मुलगी पडली. चौथी पाटी शुभाची. म्हणून त्यांनी फोनवर शुभाचं नाव सांगितलं. चूक झाली ती फक्त मध्ये दिलेला एक खो न दिसल्यामुळे.

"भेटू दे तिला," तात्या म्हणाले. "आई आहे ती. रस्त्यावरची बाई नव्हे."

"तात्या, पुढच्या रविवारी बँकेच्या संघाची निवड आहे," शामकांत म्हणाला. "मी साहेबांच्या हातापाया पडून तिचं नाव ठेवलंय. आज त्या बाईने इथे छाती पिटली, चार शिव्या घातल्या, तर ही पोरगी त्या कोपऱ्यातून आयुष्यात उठायची नाही."

"ती आत्ता तरी खंय उठता?"

मग नंदकुमार, जो सकाळी येणाऱ्या बाईला नाही म्हणू नये असं म्हणाला होता, त्याने बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "सांगू, की शुभा चेंबूरला मावशीकडे गेलीय. एवढंच. थोडे दिवस जाऊ देत."

तात्यांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. गणपतीपासून एकमेकांशी सरळ न बोलणारी माणसं आज एका बाजूला झाली होती. भीती माणसांना किती चटकन जवळ आणते, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते उठून गॅलरीत जाऊन बसले.

*

रत्नप्रभा आली तेव्हा उन्हं कलली होती. जिना चढताना तिला मध्येच थांबावं लागलं. तिचे गुडघे धरले होते. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी, कपाळावर कुंकवाचा बारीक ठिपका. तात्या उठून उभे राहिले.

"ये गो. आत ये."

"नको तात्या. सव्वा महिना झालेला नाही. आमच्यात कुणाच्या उंबऱ्यात जात नाहीत तोवर." ती गॅलरीतच, दाराशेजारी भिंतीला टेकून खाली बसली. "इथेच बरी आहे."

सुगंधा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो तिच्यासमोर ठेवला. नंदकुमार दारात उभा राहिला, त्याच्या मागे शामकांत. तिघांनी मिळून दार भरून टाकलं होतं.

"शुभा?" रत्नप्रभा म्हणाली.

"ती घरात नाही हो," सुगंधा म्हणाली. "चेंबूरला गेलीय. मावशीकडे."

"कधी येणार?"

"सांगता येत नाही. राहील काही दिवस. हवापालट म्हणून."

"बरं." रत्नप्रभा पाणी प्यायली. तिने तांब्या बाजूला सरकवला. "मग थांबते थोडी."

"अहो, ती आज येणारच नाही," शामकांत मागून म्हणाला.

"हरकत नाही. एवढा जिना चढून आले, तर दम तरी खाते."

तिने पदर सावरला आणि खाली मैदानाकडे बघत बसून राहिली. खालच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. चेंडू कुंपणाच्या पत्र्यावर आदळला, धाड् असा आवाज झाला, आणि घरात आतून काहीतरी सांडल्याचं ऐकू आलं. मटारचे दाणे फरशीवर घरंगळत गेल्यासारखं. गॅलरीत कुणीच मान वळवली नाही.

तात्या तिच्यापासून थोड्या अंतरावर बसले होते. या बाईने त्यांच्याकडे मुलगी आणून सोडली तो दिवस त्यांना आठवत होता. "लाजरी आहे हो, हिला जरा ओरडायला शिकवा," ती म्हणाली होती. त्यांनी शिकवलं होतं. खो असा द्यायचा की पलीकडच्या खांबापर्यंत ऐकू गेला पाहिजे. लहान पोरींना ते चिंचोके मांडून खेळ समजावून सांगत, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: खो मिळाल्याशिवाय पाटीवरून उठायचं नाही. काही झालं तरी नाही. आजकाल हे वाक्य आठवलं की त्यांना अन्न जात नसे.

"तात्या," रत्नप्रभा मैदानाकडे बघतच म्हणाली, "मंडळाच्या पोरींना मी परवा आमच्या मैदानावर बसायला सांगितलं. म्हटलं, मला दाखवा गं, कशा बसता तुम्ही. बसल्या बिचाऱ्या. रडत होत्या, पण बसल्या. तिसऱ्या पाटीवरच्या पोरीचं तोंड नदीकडे होतं. चौथीवरचीचं शाळेकडे."

"होय," तात्या म्हणाले. "एकीआड एक."

"मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. मी कधी बघायलाच आले नाही ना. रविवारी माझं दुसऱ्यांच्या घरचं काम असायचं." ती थोडी थांबली. "खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत ना त्यांना?"

तात्यांनी हो म्हटलं.

*

कोपऱ्यात बसून शुभाला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

गुडघ्यांभोवती हात घट्ट करून ती मटारच्या दाण्यांकडे बघत होती. ते उचलायला पुढे वाकलं, तर पाठ भिंतीपासून सुटणार होती. आपली पाठ ही आता तिला शरीराचा भाग वाटतच नव्हती. ती एक उघडी राहिलेली जागा होती. कुणी हळू चालत आलं, कुणी मागे खाकरलं, की त्या जागेतून थंडी आत शिरायची.

आई खोटं बोलली, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आता ही बाई जाईल, असं वाटलं होतं. पण बाई जात नव्हती. आणि खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, असं ती म्हणाली, तेव्हा शुभाच्या ध्यानात आलं, की काकू काय विचारायला आली आहे. काका गाडीत जे म्हणाला ते तिला ठाऊक होतं. पण तेराव्याला जाऊन तो काय सांगून आला, ते तिने आज दुपारी भिंतीपलीकडून पहिल्यांदा ऐकलं होतं. माणिकचं तोंड रस्त्याकडे होतं.

नव्हतं.

हे जगात फक्त तिला एकटीला ठाऊक होतं.

तिने भिंत सोडली नाही. भिंतीला पाठ घासत घासत ती उठली, कपाटाला वळसा घालून तशीच आडवी सरकत दारापर्यंत आली. दारात काका, बाबा आणि आई यांच्या तीन पाठी होत्या. तिला त्यांना हात लावायचा नव्हता.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

आई दचकून वळली. "शुभा, आत जा."

"बाजूला व्हा ना, आई."

शामकांतने तिचा दंड धरायला हात पुढे केला, पण नंदकुमारने तो मध्येच अडवला. का अडवला ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिघं बाजूला झाली. शुभा चौकटीला टेकून उंबऱ्यावर उभी राहिली. गॅलरीतला उजेड तिला सहन होईना. डावीकडे जिना, उजवीकडे शेजाऱ्यांची दारं, सगळीकडून येता येण्यासारखं.

रत्नप्रभाने मान वर केली. तिने शुभाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पोरगी अर्धी झाली होती.

"आलीस चेंबूरहून?"

"इथेच होते, काकू."

"ठाऊक आहे. तुझ्या चपला दारात आहेत. तुम्ही दोघींनी एकसारख्या घेतल्या होत्या त्या." सुगंधाने खाली पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. रत्नप्रभा तिच्याकडे बघून म्हणाली, "असू दे हो. मीही असंच सांगितलं असतं." मग ती पुन्हा शुभाकडे वळली. "बस. मला मान वर करून बोलवत नाही."

शुभा चौकटीला पाठ लावूनच खाली बसली. आता दोघींच्या मध्ये तो उंबरा तेवढा होता.

"तुझे काका सांगून गेले, माणिकचं तोंड रस्त्याकडे होतं," रत्नप्रभा म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, पाठ केलेलं म्हणावं तसा. "तेव्हापासून मी डोळे मिटले की तिच्या डोळ्यांनी बघते. जीप येते. थांबते. ते लोक बंदुका काढतात. माझ्या पोरीला दिसतंय सगळं. आणि तिला उठता येत नाही, कारण खो मिळालेला नाही. ती वाट बघत बसून राहते, की कुणीतरी खो देईल. मला एवढंच सांग. तिने बघितलं का त्यांना? घाबरली होती का?"

शामकांत रत्नप्रभाकडे सरकला. "वहिनी, तो सगळा गोंधळ..."

"तुम्ही गप्प बसा," रत्नप्रभा म्हणाली. "तुम्ही तिथे नव्हतात."

शुभाने गुडघे जवळ ओढून घेतले. काकाचं म्हणणं तिच्या कानात होतं, कुणालाही म्हणजे कुणालाही. आपण हे सांगितलं, की ही बाई उठेल, आपले केस धरेल आणि म्हणेल, मग तू का नाही. आणि त्यावर उत्तर नव्हतं.

"ती तिसऱ्या पाटीवर नव्हती, काकू," ती म्हणाली. "चौथ्या पाटीवर होती. माझ्या."

"शुभा!" शामकांत ओरडला.

"तिने मला खो दिला. मी उठले. ती बसली. माझ्या जागी." आता शब्द थांबत नव्हते, एकमेकांवर आदळत बाहेर पडत होते. "चौथ्या पाटीचं तोंड तंबूकडे होतं. रस्ता मागे होता. खो मागूनच देतात ना, मग ती माझ्या मागून आली आणि माझ्यासारखीच बसली, तंबूकडे तोंड करून. तिची रस्त्याकडे पाठ होती. तिला काही दिसलं नाही, काकू."

"धावताना? बसायच्या आधी?"

"तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. मी उठले तेव्हाही नव्हतं. मी दोन-तीन ढांगा टाकल्या आणि मग आवाज आला. मला वाटलं कुणीतरी फटाके लावले. मी पळतच राहिले. तात्या म्हणतात ना, उठल्यावर मागे बघायचं नाही."

"पाठ होती," रत्नप्रभा म्हणाली.

"हो."

"नक्की?"

"माझी जागा होती ती. मला ठाऊक नसेल तर कुणाला?"

रत्नप्रभाने डोळे मिटले. सुगंधाला वाटलं, आता निघेल तो शब्द, आता निघेल. पण ती बाई नुसती डोळे मिटून बसली होती. मग तिने स्वतःशीच तळहाताने हवेत काहीतरी फिरवून पाहिलं. तंबू इकडे. रस्ता तिकडे. आणि हात मांडीवर ठेवला.

"मी नसते उठले तर..." शुभा म्हणाली.

"ते नको." रत्नप्रभाने डोळे उघडले. "ते ऐकायला मी आलेली नाही. त्याचा मला राग येईल. आज नाही आला, पण येईल, मी काही देव नाही. येईल तेव्हा मी तुझ्या दारात येणार नाही, एवढंच करीन. त्याहून जास्त माझ्याकडून मागू नकोस."

शुभाने मान हलवली. हे तिला कुणाच्याही समजुतीच्या बोलण्यापेक्षा खरं वाटलं, आणि म्हणूनच त्याची भीतीही जास्त वाटली.

तात्यांना डोळ्यांवर हात आडवा धरावा लागला. शामकांत कठड्याकडे तोंड करून उभा होता. त्याला वाटलं होतं, आपण भाचीपुतण्यांवर छत्री धरतो तशी एक गोष्ट त्या पोरीवर धरली होती. त्या छत्रीची काडी दुसऱ्या बाईच्या डोळ्यात गेली, हे त्याला दिसलंच नव्हतं. माफी मागावी असं त्याच्या मनात आलं, पण बोलायला तोंड उघडलं तर काय निघेल याची खात्री वाटेना.

*

अंधार पडायला लागला तशी रत्नप्रभा उठली. उठताना भिंत धरली. सुगंधा पुढे झाली, पण हात द्यावा की नाही ते न कळून तशीच थांबली.

"जेवून जा," ती म्हणाली, आणि ती घरात येणार नाही हे आठवून गोंधळली. "इथे आणते पान. गॅलरीत."

"नको. ते घरी एकटे आहेत. त्यांना सांगायचंय." रत्नप्रभाने पिशवी खांद्याला लावली. "बस मिळेल ना आता?"

"मी येतो स्टॉपपर्यंत," नंदकुमार म्हणाला.

"मी जाते," शुभा म्हणाली.

सुगंधाने ऐकलं आणि जिन्याकडे पाहिलं. जिन्यावरचा दिवा दिवाळीपासून बंद होता. जिना अरुंद, दोघांना शेजारी उतरता न येण्याजोगा. पण शुभा उंबरा ओलांडून बाहेर आली होती. भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखी आडवी चालत, ती जिन्याच्या तोंडाशी पोचली आणि तिथे थबकली. बाजूला भिंत होती, पण तिला पाठ लावून उतरायला जागा नव्हती.

"काकू, तुम्ही पुढे व्हा."

"पुढे नाही गं उतरवत मला. गुडघा कधी दगा देईल सांगता येत नाही. समोर कुणाचा तरी खांदा लागतो धरायला." रत्नप्रभा तिच्या मागे येऊन उभी राहिली. "तू चल."

आणि तिने मागून शुभाच्या खांद्यावर हात ठेवला.

सुगंधाला वाटलं, ती आता किंचाळणार. शुभाचं सगळं अंग ताठ झालं, मान आखडली, मुठी वळल्या. शामकांत पुढे धावला होता, त्याला तात्यांनी हाताने थोपवलं. मैदानातली पोरं घरी गेली होती. कुठल्या तरी घरात ताटं मांडल्याचा आवाज येत होता. रत्नप्रभाने हात काढला नाही. तिला काढता येण्यासारखा नव्हताच, तिचा भार त्यावर होता.

"काकू," शुभा म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता. "बोलत राहा. गप्प नका राहू. म्हणजे मला कळेल, की तुम्हीच आहात."

"काय बोलू?"

"काहीही."

"काहीही काय बोलणार बाई." पण ती बोलायला लागली. आमच्याकडे नदीला आता गुडघाभरसुद्धा पाणी नाही, ती म्हणाली. बायका मधोमध बसून कपडे धुतात. परवा कुणाचा तरी नवा परकर वाहत गेला, त्याच्यामागे सगळी चाळ धावली.

शुभाने भिंतीवर तळहात टेकला आणि एक पायरी उतरली. मागची बाई उतरली. मग शुभा थांबली, पुन्हा थरथरली, आणि दुसरी पायरी उतरली.

सुगंधा कठड्यावरून खाली वाकून बघत राहिली. जिन्यात काळोख होता. तिला त्या दोघी दिसत नव्हत्या. फक्त रत्नप्रभाचा आवाज ऐकू येत होता, परकराची गोष्ट सांगणारा, मध्ये थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा. तो जिथे थांबे तिथे सुगंधाचा श्वास थांबे. मग तो एका मजल्याने खाली गेला.